पेशी कोणत्या, मात्रा किती, हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वनस्पतीतला एक घटक विषाणूला पेशीत शिरू देत नाही, ही आपल्या अंकातली बातमी वाचली. हा विषय आपण छापलात याचा मला मनापासून आनंद झाला. सव्वीस वर्षे मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि त्यातली बरीच वर्षे नेमके हेच तपासण्यात गेली. पण प्रयोग कोणत्या पेशींवर झाला, मात्रा किती होती, घटक विषाणूच्या आधी दिला की नंतर, यातले काहीच बातमीत नव्हते. म्हणून हे पत्र.

विषाणू पेशीत शिरतो ते एका फटक्यात नाही. आधी तो पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, मग आपला रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा त्याला जुळणारा रेणू, गाठतो. त्यानंतर एक तर तिथेच पेशीच्या पटलात मिसळून आत उतरतो, नाहीतर पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते आणि तो त्या पिशवीतून निसटतो. यातल्या प्रत्येक पायरीवर त्याला अडवता येते आणि वनस्पतींकडे त्यासाठी खरोखरच काही आहे. ग्रीन टीतले ईजीसीजी हे द्रव्य ‘सी’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूला पेशीला चिकटूच देत नाही, असे २०११ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. स्टेफानिया या वेलीतले टेट्रान्ड्रिन आणखी आतल्या पायरीवर काम करते. इबोलाचा विषाणू पिशवीत पोहोचतो, पण तिथून पुढे सरकायला त्याला पिशवीच्या आवरणातले कॅल्शियमचे मार्ग उघडे लागतात. टेट्रान्ड्रिन तेच बंद करते. २०१५ मध्ये उंदरांमध्येही त्याचा गुण दिसला. असे संशोधन वाचले की आजही मला पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसावेसे वाटते.

पण मला एक प्लेट विसरता येत नाही. सहा खळग्यांची, प्रत्येकाच्या तळाशी पेशींचा एकसंध थर. विषाणूने मारलेल्या पेशी गळून पडतात आणि रंग घातला की जांभळ्या थरात पांढरे गोल डाग दिसतात. प्लेट उलटी धरून पेनाने एकेका डागावर ठिपका देत आम्ही ते मोजायचो. त्या दिवशी एका सालीचा अर्क विषाणूत मिसळला होता आणि त्या खळग्यांत एकही डाग नव्हता. नुसता जांभळा रंग. आमच्या मॅडमनी प्लेट दोनदा उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, “थोडं सीरम मिसळून परत लाव.” (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव.) लावला. डाग परत आले, जवळजवळ पहिल्याइतकेच. अर्कात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर होते आणि टॅनिन मिळेल त्या प्रथिनाला चिकटते. समोर फक्त विषाणू होता म्हणून ते विषाणूला चिकटले. सीरममधली प्रथिने मिळताच त्यांच्याकडे वळले. माणसाच्या रक्तात तर प्रथिनांची रेलचेल असते.

पेशींचे नाव छापा म्हणते त्यालाही कारण आहे. आम्ही वापरायचो त्या व्हेरो पेशी आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानमध्ये तयार झाल्या. वाढवायला सोप्या, म्हणून जगभर गेल्या. कोरोनाच्या साथीत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनने (औषध कृत्रिम, पण त्याचे मूळ सिंकोनाच्या सालीतल्या क्विनीनपर्यंत जाते) याच पेशींमध्ये विषाणूला अडवले. व्हेरो पेशींत तो विषाणू पिशवीच्या वाटेने येतो आणि हे औषध पिशवीतली आम्लता कमी करते. आपल्या फुफ्फुसाच्या पेशींवर मात्र टीएमपीआरएसएस२ नावाचे विकर असते. ते विषाणूच्या अंगावरचे स्पाइक प्रोटीन (ज्याने तो पेशीला धरतो) बाहेरच कापून देते, मग विषाणूला पिशवी लागतच नाही. तिथे औषध हरले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांनाही त्याचा फायदा होत नसल्याचे स्पष्ट झाले. तोवर त्याची इतकी मागणी वाढली होती की ज्यांना ते खरोखर लागते त्या ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) रुग्णांना ते मिळेनासे झाले होते.

मात्रेचेही तसेच. ईजीसीजी पोटातून रक्तात फार थोडे उतरते. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनने २००३ मध्ये प्रयोगशाळेत सार्सच्या विषाणूला रोखले होते. पण ते जास्त घेतले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी अशीच बातमी वाचून ज्येष्ठमधाचा अर्क दोन महिने रोज घेतला, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना. पायांत गोळे येऊ लागले तेव्हा कुठे डॉक्टरांनी तो बंद करायला लावला. बातमीत मात्रेची एक ओळ असती, तर त्यांनी आधी विचारले तरी असते.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर पेशी, मात्रा, वेळ आणि प्रयोग काचेत झाला की प्राण्यात की माणसात, एवढे चार शब्द तिच्यात जरूर घालावेत. आपल्या बातमीदारांना ती प्लेट कशी वाचायची हे समजून घ्यायचे असेल, तर मी आनंदाने वेळ देईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ