सुट्टीतली चाचणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्या संशोधन डेटाबेसची महिनाभर मोफत चाचणी होणार असल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. बातमीचा सूर पेढे वाटण्याचा आहे. अशी चाचणी पूर्वी अनुभवलेल्यांना तो सूर लावणे जड जाते, म्हणून हे पत्र.

माझी पीएच.डी.ची नोंदणी ज्या विद्यापीठात आहे, त्याचे नाव घेत नाही. तेथे मागे जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांचा एक डेटाबेस चाचणीसाठी आला होता. त्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक होते. माझा विषय सोलापूरचे गिरणी कामगार. मे १९३० मधला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले आपले चार हुतात्मे यांच्याविषयी मुंबईतले इंग्रजी वृत्तपत्र त्या वेळी काय छापत होते, हे शेजारच्या जाहिरातींसकट अख्ख्या पानावर पाहायला मिळणे ही माझ्यासाठी पर्वणी होती. या पर्वणीचा मुहूर्त मात्र ग्रंथालयाने दिवाळीच्या सुट्टीतला काढला! डेटाबेस आयपी पत्त्यावर चालणारा, म्हणजे आवारातल्या संगणकावरच उघडणारा, आणि आवारात तेव्हा पहारेकऱ्याशिवाय कोणी नाही. अनेक प्रकाशक चाचणीपुरते युजरनेम आणि पासवर्ड देतात. ते मागितल्यावर ‘ट्रायलमध्ये ती सोय नसते’ असे उत्तर मिळाले. सोलापूरचे जुने, ‘एस’नंतर ‘एच’ असलेले इंग्रजी स्पेलिंग टाकल्याशिवाय त्या काळातल्या बहुतेक बातम्या सापडत नाहीत, एवढे सांगणारी सूचनासुद्धा कोणी लावली नव्हती. अभिप्रायाचा फॉर्म मुदत संपल्यावर ईमेलने आला, हे वरातीमागून घोडे वेगळेच. पुढे समजले की, वापर अत्यल्प दिसल्यामुळे खरेदीचा प्रस्ताव मांडलाच गेला नाही. दाराला कुलूप लावायचे आणि मग वाचक फिरकत नाहीत म्हणून आकडे दाखवायचे, या कार्यक्षमतेला दाद द्यावी तेवढी थोडीच.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ असताना वेगळे डेटाबेस कशाला, असे काहीजण विचारतात. २०२५ पासून सुरू झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांना उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग मीही करतो. परंतु ही योजना संशोधनपत्रिकांची आहे. १९३० सालचे दैनिक तिच्यात कोठून मिळणार? जे या योजनेत नाही, त्याचीच चाचणी घेण्यात खरे तर अर्थ आहे, आणि ती घ्यायची तर संशोधक जागेवर असताना घ्यावी.

जाता जाता आणखी एक. परदेशी डेटाबेसच्या चाचण्या होत राहतील, पण आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या फायली पान उलटताना कडेने तुटतात, आणि त्यांच्या स्कॅनिंगचा विषय काढला की ‘निधी नाही’ हे उत्तर प्रश्न संपण्याआधीच तयार असते.

आपल्या वार्ताहरांना विनंती, की या चाचणीच्या नेमक्या तारखा कोणत्या, घरून लॉगिन मिळणार का आणि खरेदीचा निर्णय कोणत्या निकषावर होणार, हे तीन प्रश्न ग्रंथपालांना विचारून त्यांची उत्तरे छापावीत. तारखा परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या असतील, तर चाचणी सुरू होण्यापूर्वीच छापावीत.

आपला,
एक संशोधक वाचक, जुळे सोलापूर