मारुती कुठपर्यंत बुडलाय?

नाशिक, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडला भाजी घेत होतो म्हणून नीट बोलता आलं नाही, आणि रात्री परत लावला तर तू कुठल्यातरी कॉलवर. आता हे असंच चालणार, १२० माणसं हाताखाली आली म्हणजे मित्राशी बोलायला पण कॅलेंडर बघावं लागणार. तर आधी अभिनंदन. आणि तू जे विचारलंस ना, की जाड्या तू २८ वर्षं सॉफ्टवेअरमधे हेच केलंस, मला दोन गोष्टी सांग, ते असं मेथीची जुडी हातात धरून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहायला बसलो. बायको म्हणते रिटायर झाल्यापासून यांना ऐकणारं कोणी मिळत नाही. असेल.

खरं सांगू का, लीडरशिपमधलं मला फार कळतं असं नाही. ट्रेनिंग्ज ढीगभर केली, लोणावळ्याच्या रिसॉर्टवर डोळ्याला पट्टी बांधून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं ते पण केलं (मला झेलायला चौघं लागले). त्यातलं काहीही सोमवारी ऑफिसात उपयोगी पडलं नाही. मला एकच गोष्ट कळली आणि तीही कळेपर्यंत निम्मी नोकरी संपली होती. वाईट बातमी तुझ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते बघ. बस. तू किती हुशार, किती टेक्निकल, ते सगळं नंतर.

२००१ ची गोष्ट. वायटूकेची (सन २००० ची तारीख सिस्टीमला समजावी म्हणून करायची) कामं आटोपली होती, जुन्या कोबॉल भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे हात चोळत बसले होते, तिकडे अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटलेला आणि पुण्यात आमच्या मजल्यावर रोज कोण बेंचवर जाणार, म्हणजे कामाविना बसणार, याच्याच गप्पा. मी नाइट शिफ्टला एकटा. एका ऑर्डरचं स्टेटस बदलायचं होतं, फक्त एका. थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या चालू डेटाबेसवर, अपडेट लिहिलं, वेअर (कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं आणि एंटर मारलं. जे पटकन परत यायला पाहिजे ते येईना, कर्सर नुसता लुकलुकतोय, आणि मग खाली उमटलं की इतक्या रो, म्हणजे नोंदी, अपडेट झाल्या, आकडा सहा अंकी. ऑटोकमिट चालू होतं, म्हणजे बदल लगेच पक्का, रोलबॅकचा (मागे घ्यायचा) विषयच संपला. पोटात असा गोळा आला ना, की पाच मिनिटं मी त्या आकड्यातले अंकच परत परत मोजत होतो.

मग सरांच्या, म्हणजे माझ्या साहेबांच्या, घरी फोन लावला. रात्रीचा दीड. अर्ध्या तासात ते माकडटोपी घालून स्कूटरवर हजर, आणि आल्या आल्या काय म्हणाले, "आधी कीबोर्डवरचे हात काढ." मग खुर्ची ओढून, "बॅकअप कधीचा आहे?" रात्री दहाचा होता. तो चढवला आणि दहानंतरच्या ऑर्डर लॉगमधून (सिस्टीमने ठेवलेल्या नोंदींतून) काढून एकेक करून हाताने भरल्या, ते वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायचो. सहा वाजले. क्लायंटच्या कॉलवर त्यांनी सरळ सांगितलं, आमच्याकडून चूक झाली, इतके तास सिस्टीम बंद होती, डेटा परत आलाय, तुम्ही अमुक अमुक तपासून घ्या. तिकडून विचारलं कोणी केलं, तर म्हणाले, "ते आमचं आम्ही बघतो." मी शेजारीच बसलो होतो, त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. तीन दिवसांनी मला म्हणाले, परत असं होऊ नये म्हणून काय करायचं ते अर्ध्या पानात लिही. मी लिहिलं, की आधी तोच वेअर लावून सिलेक्ट (नुसतं बघायचं, बदलायचं नाही) चालवायचं, किती रो येतात ते मोजायचं, मग ट्रान्झॅक्शन उघडून (म्हणजे बदल मागे घेता येईल असं) अपडेट, आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे पक्कं, आणि शेजारी दुसरा माणूस बसलेला पाहिजे. ते पान भिंतीवर लागलं. खाली माझं नाव, पण चूक करणारा म्हणून नाही, लिहिणारा म्हणून.

मी त्यांना दीड वाजता फोन का केला, यावर मी पुढे बराच विचार केला. मी काही फार प्रामाणिक वगैरे नव्हतो रे. ते चिडणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून केला. दुसरा कोणी असता तर मी सकाळपर्यंत एकट्याने काहीतरी खटपट करत बसलो असतो आणि उरलंसुरलं पण घालवलं असतं.

उलटा नमुना पण बघितलाय. एक मोठे साहेब होते, प्रत्येक टाऊनहॉलला (सगळ्या स्टाफच्या सभेला) कलामांची गोष्ट सांगायचे. १९७९ ला कलामांच्या टीमचं एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः प्रेससमोर गेले, आणि १९८० ला यशस्वी झालं तेव्हा कलामांना पुढे केलं. गोष्ट खरी आहे आणि मोठीच आहे. पण हेच साहेब, रिलीज फसला की क्लायंटला जी मेल पाठवायचे तिच्यात खालच्या पोराचं नाव लिहून त्यालाच सीसीत ठेवायचे! त्यांच्या डिपार्टमेंटला कधीच काही अडचण नसायची. कशी असणार.

आता गंमत बघ, हे सगळं स्वतः भोगलं आणि तरी १५ वर्षांनी मी नेमकं तेच केलं. २०१६. मोठं मायग्रेशन, जुन्या सिस्टीममधून नवीनमधे डेटा न्यायचा. बावीस जणांच्या कॉलवर एक मुलगी म्हणाली, सर, ठरलेल्या वेळेत बसेल असं वाटत नाही. मी म्हणालो, "हे आत्ता सांगतेस? तीन महिने काय केलं मग?" ओरडलो पण नाही. एवढी दोनच वाक्यं.

त्यानंतर सगळं हिरवं, म्हणजे कुठेच अडचण नाही. दर सोमवारी स्टेटस रिपोर्ट हिरवागार, आणि मी खूश की बघा, थोडं कडक बोललं की कसं काम होतं. आमच्या लाइनीत अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, कापलं की लाल. कापलं कधी, तर ट्रायल रनला. डेटा न्यायला क्लायंटने आठ तास दिलेले आणि जॉब चालला ३१ तास. टीमला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, चहावाल्याला पण असेल. त्याच टपरीवर एका पोराला विचारलं की अरे कोणी बोललं का नाही, तर चहा फुंकत म्हणाला, "सर, तुम्ही 'सगळं ठीक ना?' असं विचारता. त्याला नाही कसं म्हणायचं?"

मला वाईट वाटलं ते त्याच्या तोंडावर राग नव्हता याचं. साधी माहिती दिल्यासारखं बोलला.

त्याच ऑगस्टात गोदावरीला मोठा पूर आला, आठवतं ना. मी पुण्यात, बाबा पंचवटीत. फोन केला, म्हटलं धरणातून किती सोडलंय. तर म्हणाले, "ते क्युसेकबिक्युसेक मला विचारू नको, मारुतीच्या छातीला लागलंय." आणि फोन ठेवला, कारण खालच्या खोलीतली भांडी वर न्यायची होती. नदीपात्रातली ती दुतोंड्या मारुतीची मूर्ती तुला काय सांगायची, चपला हातात घेऊन बघायला जायचो आणि घरी येऊन मार खायचो. पण त्या दिवशी मला एकदम क्लिक झालं. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा पेपरात येतो, टीव्हीवर येतो, पण गावातलं कोणी त्याच्यावर हलत नाही. मारुती कुठपर्यंत बुडला ते विचारतात. कंबरेला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान उचलतात, त्याच्या वर जायला लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारवाले माल वरच्या मजल्यावर. कोणाची परवानगी नाही, मीटिंग नाही. आणि मुख्य म्हणजे इतकं पाणी का दाखवलंस म्हणून मारुतीला कोणी शिव्या घालत नाही.

सोमवारी जाऊन मी लाल-हिरवं बंद करून टाकलं. मारुतीचा फोटो चिकटवला, कारण टीममधे दोन तमिळ पोरं होती, एक बंगाली होता, त्यांना काय कळणार. गुडघा म्हणजे आमचं आम्ही बघू. कंबर म्हणजे या आठवड्यात मदत पाहिजे. छाती म्हणजे तारीख चुकणार, क्लायंटला आजच सांगा. पहिले दोन सोमवार सगळ्यांचा गुडघाच. च्यायला, म्हटलं हे पण कलिंगडच निघालं. तिसऱ्या सोमवारी तीच मुलगी म्हणाली, "छाती." खोली गप्प. आणि तुला खरं सांगतो, माझं तोंड उघडलं होतं, जुनंच वाक्य जिभेवर होतं. पाण्याची बाटली उचलली, दोन घोट प्यायलो आणि विचारलं, "काय लागेल?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं बंड्या. कधीपासून तयार होतं कोण जाणे. डेटा भरताना इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या याद्या) काढून टाकायचे आणि भरून झाल्यावर परत बांधायचे, आणि बंद पडलेली जुनी खाती, जी आता बदलणारच नाहीत, ती आठवडाभर आधीच नेऊन ठेवायची. ३१ तासांचे ११ झाले. क्लायंटकडून मी १२ मागून घेतले. माझं त्यातलं काम एवढंच, चार तास मागायचं.

पुढच्या जानेवारीत गिटलॅबचं, त्या कोड ठेवायच्या वेबसाइटचं, झालं. ३१ जानेवारी २०१७, रात्री थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं, ३०० जीबीच्या आसपासच्या डेटाबेसमधले साडेचार जीबी उरले, आणि बॅकअप बघायला गेले तर एकही धड चालत नव्हता. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक कॉपी सापडली. पण त्यांनी काय केलं, दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. मी ते टीमला दाखवलं आणि म्हटलं, चला, आपला बॅकअप आज चढवून बघू. नाही चढला! एक फाइल अर्धवटच येत होती, किती महिने कोणास ठाऊक. तर तुझ्या पहिल्या महिन्यात हे एक कर, बॅकअप आहे का असं विचारू नको, चढवून दाखवा म्हण.

अजून एक, पटकन. उशीर झाला की वरून सांगतील दहा माणसं देतो. हिशोब मांडून दाखव. पाच जणांत आपसात बोलायच्या जोड्या दहा, दहा जणांत ४५. नवीन माणसाला शिकवायला जुनेच बसतात आणि काम अजून मागे पडतं.

आणि जे मला जमलं नाही ते पण लिहितो, नाहीतर तू म्हणशील जाड्या स्वतःचीच आरती ओवाळतोय. २००९, अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यानंतरचं वर्ष. मला नोकरीवरून काढायची अकरा नावं मिळाली आणि एचआरने एक पान दिलं, हेच आणि एवढंच बोला. मी बोललो. चौथा का पाचवा माणूस, माझ्यापेक्षा वयाने मोठा, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही हे वाचून दाखवताय का?" पान टेबलाखाली मांडीवर होतं. मी नाही म्हणालो. त्याला दिसत होतं. तो नंतर दोनदा कॉलेज रोडला समोरून आला आणि मी रस्ता ओलांडला. यातून काय शिकलो विचारशील तर अजून धड सांगता येत नाही.

बाकी इकडे सिंहस्थाची कामं चालू आहेत, २०२७ तोंडावर आलं तरी निम्मे रस्ते खोदलेले, धूळ नुसती. आई बरी आहे, तुझी आठवण काढते, म्हणते तो बारीक पोरगा खात नव्हता काही. तुझा आताचा फोटो दाखवला तर विश्वास बसेना. एखाद्या शनिवारी पुण्याहून पहाटे निघ, मिसळ खाऊ, काळ्या रश्श्याची, आणि मग घाटावर जाऊ. पावसाळ्यात आलास तर जास्त बरं.

तुझा,
जाड्या

ता. क. ते २००१ चं पान कंपनी सोडताना मी भिंतीवरून काढून आणलं होतं, काल माळ्यावर सापडलं. फोटो पाठवतो. ट्रान्झॅक्शनचं स्पेलिंग चुकलंय, सरांच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही.