बाबांच्या प्रश्नाला स्लाऊहून उत्तर

स्लाऊ,
२९ सप्टेंबर २०१९, घटस्थापना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आज घट बसले असतील. ऑगस्टच्या पुरानंतर भिंतींची ओल अजून गेली नाही असं वहिनी सांगत होती. त्या खोलीत अजून निजू नका. रंगाचं दिवाळीनंतर बघू, पैसे मी पाठवते.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तीन वर्षांपूर्वी ब्रिटनच्या लोकांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडायचा कौल दिला, मग हे खासदार अडवतात कशाला?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून रविवार धरून लिहायला बसले आहे. तुमचा प्रश्न इथेही रोज ऐकू येतो, आणि विचारणारी माणसं चांगली असतात. म्हणून नीट लिहिते.

आधी त्या कौलाबद्दल. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोक बाहेर पडा म्हणाले, ४८.१ टक्के राहा म्हणाले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्क्यांनी राहायचं ठरवलं, उत्तर आयर्लंडनेही राहायचंच म्हटलं. इंग्लंड आणि वेल्स बाहेरच्या बाजूला गेले. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊमध्ये इतके भारतीय आणि पाकिस्तानी लोक राहतात, तरी इथेही बाहेर पडण्याच्या बाजूने निम्म्याहून जास्त मतं पडली. मतपत्रिकेवर दोनच चौकोन होते. बाहेर पडून पुढे काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नॉर्वेसारखं युरोपच्या बाजारपेठेत राहायचं, फक्त जकातीपुरतं एकत्र राहायचं, की कसलाच करार न करता एका रात्रीत निघायचं? या तीन वाटा तीन टोकांना जातात. बाहेर पडा म्हणणाऱ्या १ कोटी ७४ लाख लोकांच्या मनात यातली नेमकी कुठली होती, ते त्या कागदावरून कळायला मार्ग नाही.

तुम्हाला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, पण भारतीय पासपोर्टवरही मला त्या दिवशी मत देता आलं, कारण राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना तो हक्क आहे. माझ्या हॉस्पिटलातली पोर्तुगीज नर्स कितीतरी वर्षं इथे आहे, मुलं इथेच शाळेत जातात. तिला मत नव्हतं. ज्या प्रश्नाने तिचं घर हलणार होतं त्यावर मी बोलू शकत होते आणि ती नाही, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. मी राहायच्या बाजूने मत दिलं.

शेजारचे जालंदरचे चाचाजी मात्र बाहेरच्या बाजूने. तीस वर्षं इथल्या ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळ्यांनी काम केलेला माणूस. त्यांच्या भावाच्या मुलाला लग्नासाठी यायचा व्हिसा मिळाला नाही. आणि युरोपातला माणूस सकाळी विमानातून उतरून संध्याकाळी कामाला लागतो, हे ते रोज बघतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की नियम सगळ्यांना सारखा लावा. आताच्या गृहमंत्री प्रीती पटेल तेव्हा प्रचारात हेच सांगत होत्या, की युरोपचे दरवाजे बंद झाले तर आपल्या हॉटेलांना आचारी आणता येतील. चाचाजींना कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं दुखणं खरं आहे.

आता खासदारांकडे येते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी दीड वर्ष वाटाघाटी करून करार आणला. जानेवारीत तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. इथल्या इतिहासात कुठल्याच सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. त्याच महिन्यात खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडून मतं घेतली, तर एकालाही बहुमत नाही. जकात संघात राहायचा पर्याय नंतर तीन मतांनी हुकला. टीव्हीवर हे बघताना वाटायचं, ही माणसं नुसती नाही म्हणायला जमली आहेत. पण नीट ऐकलं तर कळायचं की प्रत्येक 'नाही' वेगळं आहे. कुणाला करार फार सैल वाटत होता, कुणाला फार घट्ट, आणि कुणाला पुन्हा लोकांना विचारायचं होतं.

सगळ्यात मोठी अडचण आयर्लंडच्या सीमेची. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आणि उरलेलं आयर्लंड युरोपीय महासंघात. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, आणि दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. बाबा, जीएसटीच्या आधी कागल ओलांडून निपाणीला जाताना कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागायची, आठवते ना? तिथे सैनिक, बंदुका आणि बॉम्ब होते असं समजा. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे आणि आयर्लंडला जोडू म्हणणारे यांच्यातल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं आणि सीमेवरच्या चौक्या गेल्या. आता ब्रिटन जकातीच्या बाहेर पडलं, तर माल तपासायला चौकी कुठेतरी लागणारच. ती जमिनीवर ठेवली तर जुनी जखम उघडते, समुद्रात ठेवली तर उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तुटल्यासारखं होतं. मे यांच्या करारात यावर, दुसरा तोडगा निघेपर्यंत जकातीपुरतं एकत्र राहायची 'बॅकस्टॉप' नावाची हमी होती, आणि करार पाडणाऱ्या कितीतरी जणांचा राग त्या हमीवरच होता. मतपत्रिकेवर यातलं एक अक्षर नव्हतं.

जुलैत बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. करार होवो न होवो, ३१ ऑक्टोबरला बाहेर पडणारच, असं त्यांनी जाहीर केलं. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवडे संस्थगित करायचं ठरवलं, म्हणजे खासदारांच्या हाती जवळपास वेळच उरू नये. त्यानंतरचा आठवडा मी जन्मात विसरणार नाही. ३ सप्टेंबरला जॉन्सन भाषण करत असतानाच त्यांच्या हुजूर पक्षाचे फिलिप ली समोरून चालत गेले आणि विरोधी बाकांवर लिबरल डेमोक्रॅट्सच्या शेजारी बसले. तिथेच सरकारचं बहुमत संपलं. त्या रात्री बिनकराराचं बाहेर पडणं अडवण्यासाठी पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या २१ खासदारांना पक्षातून काढलं. त्यात १९७० पासून निवडून येणारे केन क्लार्क होते आणि चर्चिलचा नातू निकोलस सोम्स होते. दोन दिवसांनी पंतप्रधानांचे सख्खे भाऊ जो जॉन्सन यांनी मंत्रिपद सोडलं. घरची निष्ठा आणि देशाचं हित यांत ओढाताण होते आहे, असं त्यांनी लिहिलं.

४ तारखेला ड्यूटी संपवून मी एका मैत्रिणीबरोबर वेस्टमिन्स्टरला गेले होते. एका बाजूला युरोपचे निळे झेंडे, दुसऱ्या बाजूला '१ कोटी ७४ लाख' असे फलक. केंटहून आलेल्या एका वयस्क गृहस्थांशी बोलले. ते शांतपणे म्हणाले, आम्हाला विचारलं, आम्ही उत्तर दिलं, ते उत्तर आता कचऱ्यात टाकणार असतील तर यापुढे मी मतदानाला का जाऊ? बाबा, तुमचाच प्रश्न. मला तो हलका वाटत नाही. त्यांना काहीच न मिळता हे संपलं, तर या देशात फार मोठा राग साठेल.

तरीही खासदारांनी जे केलं ते बरोबर होतं असं मी म्हणते, आणि ते माझ्या कामावरून सांगते. बिनकराराचं बाहेर पडलं तर काय होईल, याचा सरकारने एक गोपनीय अंदाज करून ठेवला होता. 'यलोहॅमर' हे त्याचं नाव. ९ सप्टेंबरला संसदेने मतदान करून सरकारला तो उघड करायला लावला. त्यात लिहिलंय, की इंग्लिश खाडीपलीकडून येणाऱ्या मालवाहू गाड्यांचा ओघ निम्म्यावर येऊ शकतो, त्यांना दीड ते अडीच दिवस अडकून पडावं लागू शकतं, आणि औषधांना याचा फटका विशेष बसेल. मी हॉस्पिटलच्या औषध विभागात बसते. कंपन्यांनी सहा आठवड्यांचा जादा साठा ठेवावा आणि हॉस्पिटलांनी मात्र साठवून ठेवू नये, असे आदेश आम्हाला कधीचे आलेत. पण आदेशामागची भीती नेमकी केवढी, हे मला त्या कागदांवरून कळलं. इन्सुलिनवर जगणारी आमची माणसं काउंटरवर येऊन विचारतात, तेव्हा त्यांच्याशी खरं बोलायला मला हेच हवं होतं. संसद बसली होती म्हणून ते बाहेर आलं.

आणि त्याच रात्री ती बंद केली. १० तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास जुन्या पद्धतीचा तो समारंभ झाला. विरोधी खासदार 'गप्प केलेले' असे कागद धरून बसले होते, कुणी वेल्शमध्ये गात होतं, सभापती बर्को यांनी ही नेहमीची संस्थगिती नाही असं तोंडावर सांगितलं. मी बघत होते आणि मला रडू येत होतं. हा माझा देश नाही असं मी आजवर म्हणत आले, पण त्या रात्री तसं वाटलं नाही.

२४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. न्यायालयाच्या अध्यक्षा लेडी हेल यांनी तो सावकाश वाचून दाखवला. राणीला दिलेला सल्ला बेकायदेशीर, म्हणून संसद कधी संस्थगित झालीच नाही. राजाज्ञा घेऊन आलेले लोक जणू कोरा कागद घेऊन आले होते. इथे आपल्यासारखी एका ग्रंथात लिहिलेली घटना नाही, बाबा. शतकानुशतकांच्या प्रथा आणि निकाल आहेत. त्यांतून हे निघालं, याचा मला मनापासून आदर वाटतो. दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं.

पण त्या दिवशी जे झालं ते वाईट होतं. जो कॉक्स ही मजूर पक्षाची खासदार सार्वमताच्या आधी आठवडाभर, दिवसाढवळ्या मारली गेली होती. तिच्या नावाची पाटी त्या सभागृहात आहे. त्याच पक्षाच्या खासदार पॉला शेरिफ यांनी त्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, की 'शरणागती', 'विश्वासघात', 'गद्दार' हे शब्द वापरू नका, आम्हाला जिवे मारायच्या धमक्या येतात त्यांत हेच शब्द असतात. पंतप्रधान म्हणाले, असलं थोतांड आपण कधी ऐकलं नाही. मतभेद मला चालतात. २१ जणांनी पक्षाचा आदेश मोडला, तेही मी समजू शकते. हे मात्र मला सहन झालं नाही. चाचाजीसुद्धा त्या रात्री टीव्ही बंद करून म्हणाले, हे आम्ही मागितलं नव्हतं.

आई, आता तुझे प्रश्न. भारतीयांना कुणी परत पाठवत नाहीये, आमचा व्हिसा वेगळ्या कायद्याखाली आहे. माझी नोकरीही सुरक्षित आहे. पौंड सार्वमताआधी शंभर रुपयांच्या आसपास होता, आता नव्वदच्याही खाली आहे, म्हणून पाठवलेली रक्कम तुला कमी दिसते. आत्याच्या धाकट्याला सांग, शिक्षण झाल्यावर दोन वर्षं इथे काम करायची सवलत परत येते आहे, पण ती २०२०-२१ पासूनच्या प्रवेशांना. एजंटाला आत्ता एक पैसाही देऊ नकोस म्हणावं.

बाबा, पुढच्या तारखा लिहून ठेवा. १७ आणि १८ ऑक्टोबरला ब्रसेल्सला युरोपच्या नेत्यांची बैठक आहे. १९ तारखेपर्यंत करार संमत झाला नाही, तर पंतप्रधानांनी ३१ जानेवारीपर्यंत मुदत मागायची, असा कायदा खासदारांनी करून ठेवला आहे. ते मागणार नाही म्हणतात, त्यामुळे तो आठवडा मोठा जाणार. २१ ला तुमचं विधानसभेचं मतदान. आईच्या गुडघ्यांचं सांगून तिला घरी बसवू नका, रिक्षा करा. २० तारखेच्या रविवारी मी दुपारी फोन करीन, तेव्हा दोन्हीकडचं बोलू. या पत्रावर तुमचं काय म्हणणं आहे तेही तेव्हा सांगा. पटलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुमची लेक

ता. क. : आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं नाव चिठ्ठीवरून बघून मला पाठव. डॉक्टरांनी बदलल्यात असं दादा म्हणाला, पण जुन्या पुढेही चालू ठेवायच्या की बंद करायच्या, ते त्याला सांगता आलं नाही.