कुजके बुंधे, पण भिंत शाबूत

महोदय,
इंग्लंडमधली चर्च म्हटली की आपल्याकडे दगडी कॅथेड्रलांचीच वर्णने वाचायला मिळतात. एसेक्समधल्या ग्रीनस्टेड या खेड्यातले सेंट अँड्र्यूज चर्च मात्र लाकडी आहे. जगातले सर्वांत जुने लाकडी चर्च म्हणून त्याची ख्याती. मुलीकडे गेलो तेव्हा मुद्दाम पाहून आलो. ओकचे उभे चिरलेले ओंडके एकाशेजारी एक रोवून भिंत केलेली. बाहेरून गोलाई तशीच, आतून सपाट. वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, खुणा बोटाला लागतात. हे लाकूड इ. स. ८४५ च्या सुमाराचे, असा पूर्वी समज होता. खोडातल्या वर्तुळांच्या अभ्यासातून १९९० च्या दशकात ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासचे ठरले. तरी साडेनऊशे वर्षे झालीच की! १८४८ च्या सुमारास ओंडक्यांचे बुंधे कुजले होते. कारागिरांनी तेवढाच भाग कापला, खाली विटांचे जोते घातले आणि तेच ओंडके पुन्हा उभे केले. हे पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. कोकणातल्या आमच्या देवळाचा लाकडी सभामंडप वाळवीचे कारण सांगून पाडला, वर स्लॅब टाकला. कोरीव खांब सरपणात गेले.

– एक वाचक, रत्नागिरी