मिरजेच्या सतारमेकर चाचांना, चाकूवाल्याकडून थँक्यू

चाचा, तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही हातानंच उडवून लावता, म्हणून इथं लिहितोय, नातवाकडनं वाचून घ्या.

आलो होतो ताईच्या तंबोऱ्याची जवारी काढायला (घोडी घासून तारांचा आवाज नीट करून घ्यायला) आणि खिशात होता मामांचा जुना लाल व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे स्विस घडीचा चाकू. किल्ल्या-चिल्लरबरोबर राहून राहून हँडल पार पांढरट पडलेलं. पेंटच्या दुकानात एकानं सांगितलेलं, थिनरनं पुसा, चकाचक होईल, बाटली पिशवीतच होती. तुम्ही हँडलवर नख फिरवलं आणि म्हणालात, "हे आमच्या पट्ट्यांच्याच जातीचं दिसतंय, थिनर लावलास तर विरघळंल." घरी येऊन शोधलं तर खरंच की, ते सेलिडोर म्हणजे सेल्युलोजपासनं केलेलं प्लॅस्टिक, तुमच्या नक्षीचं सेल्युलॉइडही सेल्युलोजचंच, आणि थिनर काय, नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोनसुद्धा त्याला खातं. तुम्ही हे नखानं ओळखलंत!

मग तुम्ही करून नाही दिलंत, मलाच बसवलंत. हँडलमधला चिमटा आणि टूथपिक आधी काढून ठेव, क्रॉसच्या खुणेवर टेप लाव, वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिशपेपर) भिजवून त्यावर साबणाचा थेंब टाक, ८०० नंबरनं एका दिशेनं, १००० नं आडवं, म्हणजे मागच्या रेषा गेल्या का ते दिसतं, मग १५०० आणि २०००. मधे मधे पुसून उजेडात तिरकं धरायचं. कडेला जोर दिला की लगेच ओरडा, "कोपरे गोल करायचेत का?" मोटरवर बफ मारू का विचारलं तर म्हणालात, गरम होऊन प्लॅस्टिक ओढलं जाईल, हातानंच कर. ओल्या फडक्यासारखं दिसणारं ते मळकट हँडल पॉलिशचं कंपाउंड लावल्यावर जे काय लाल झालंय, मामा आधी ओळखलेच नाहीत!

नखाला लागणारा एक खोल ओरखडा राहू दिलात, तो घालवायला गेलं तर हँडलच पातळ होईल म्हणून. मला ते जाम पटलं. शेवटी पाती पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, तोही तुमच्याच डब्यातला. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा पेपरात वाचलं होतं, पण तुमच्या हाताची किंमत मला त्या वॉटर पेपरवर कळली.

पैसे घेतले नाहीत, ते चालणार नाही. मामांचा दुसरा चाकू काळ्या नायलॉनच्या हँडलचा आहे, त्याला ही चमक येत नाही म्हणतात, तरी एकदा तुमच्या नखाखालनं घालायचाय. येताना सांगलीचं भडंग आणतो, नाही म्हणू नका.