पंख्याच्या जाहिरातीत हवेचा आकडा कुठे आहे?

संपादक महोदय,

उकाडा वाढला की पंख्यांच्या जाहिराती सुरू होतात. लाकडासारखी दिसणारी पाती, रिमोट, मधोमध दिवा, मोबाइलवरून चालू-बंद, हे सगळं ठळक अक्षरांत असतं. पंखा हवा किती देतो हे मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. मी पंख्यांचं वाइंडिंग, म्हणजे मोटरीतल्या तारेची गुंडाळी, करते. बंद पडलेला पंखा माझ्यासमोर उघडला जातो, त्यामुळे गिऱ्हाइकाला बाहेरून जे दिसत नाही ते मला रोज दिसतं. म्हणून हे पत्र लिहिण्याचा हक्क आहे असं मला वाटतं.

पंख्याच्या हवेला आकडा असतो. त्याला एअर डिलिव्हरी म्हणतात आणि तो मिनिटाला किती घनमीटर, असा मोजतात. नेहमीचा 1200 मिमीचा, म्हणजे 48 इंची पंखा साधारण 200 ते 240 घनमीटरच्या दरम्यान हवा देतो. हा आकडा बहुतेक वेळा खोक्याच्या एखाद्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्याला वॅटने भागा. 220 घनमीटर हवा 75 वॅटमध्ये मिळत असेल तर उत्तर तीनच्या आत येतं. तेवढीच हवा 32 वॅटमध्ये मिळत असेल तर जवळजवळ सात. दोन पंख्यांमधला खरा फरक या एका भागाकारात कळतो आणि तो दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

लोक विचारतात ते स्पीड. ‘हायस्पीड आहे का?’ हा पहिला प्रश्न. मिनिटाला फेरे जास्त म्हणजे हवा जास्त, हे खरं नाही. पात्याची रुंदी, त्याला दिलेला तिरपेपणा आणि त्या तिरपेपणाला पेलणारी मोटर या तिन्हींवर हवा ठरते. पातं तिरपं केलं की ते जास्त हवा ढकलतं, पण मोटरीवर भार येतो. मोटर हलकी ठेवून पैसे वाचवायचे असतील तर पातं सपाट आणि अरुंद करतात. असा पंखा गरागरा फिरतो, आवाज करतो, आणि खाली बसलेल्या माणसाचा घाम काही वाळत नाही. खोक्यावर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, मोठ्या अक्षरांत आणि हवा बारीक अक्षरांत असेल तर मी स्वतः तो पंखा घेणार नाही.

पंखा खोली गार करत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडते. अंगाला चिकटून बसलेला ओलसर हवेचा थर पंखा हलवतो, घाम उडतो आणि गारवा वाटतो. दमट हवेत घाम आपोआप वाळत नाही, तिथे तर पंख्याचं हेच मुख्य काम. चांगला झोत अंगावर आला तर खोली सुमारे 3 अंशांनी कमी असल्यासारखी वाटते. म्हणून एसी असलेल्या घरातही पंखा लावून एसीचं तापमान वर ठेवता येतं. आणि म्हणूनच माणूस नसलेल्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. भिंतींना घाम येत नाही.

याची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. हवाच 40 अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवा मारत राहतो आणि शरीराची उष्णता वाढू शकते. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे की 40 अंशांच्या खालीच पंखा वापरावा. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, त्यांना हा धोका अधिक. अशा दुपारी त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसावं, त्यांना पाणी द्यावं, सावलीच्या थंड खोलीत हलवावं. नुसता पंखा पाचवर करून दार लोटून जाऊ नये.

आता बसवण्याबद्दल, कारण उत्तम पंखा चुकीच्या जागी लटकवून वाया घालवलेला मी सतत पाहते. पाती छताला चिकटून असली तर वरून ओढायला हवाच मिळत नाही. पंखा तीच ती हवा घुसळत बसतो. छत आणि पाती यांत निदान 25-30 सेंटिमीटर अंतर हवं. जमिनीपासून पाती सव्वादोन ते पावणेतीन मीटरवर असावीत; 2.1 मीटरच्या खाली आणली तर हात वर करणाऱ्या माणसाला इजा होईल. छत उंच असेल तर खोक्यात मिळालेल्या आखूड रॉडवर समाधान मानू नका, लांब रॉड मागून घ्या. सगळ्या पंखाखरेदीत हा सर्वांत स्वस्त भाग असेल आणि फरक सर्वांत मोठा पडतो. छत बुटकं असेल तर आखूड रॉडचा, छतालगतचा पंखा घ्यावा लागतो. मग हवा थोडी कमी मिळणार हे धरून चालावं.

खोलीच्या मापाचंही तसंच. आठ बाय आठ फुटांच्या खोलीला 900 मिमीचा पंखा पुरतो. दहा-बारा फुटांच्या खोलीला 1200 मिमीचा. लांबट दिवाणखान्यात एकच 1400 मिमीचा मोठा पंखा लावण्यापेक्षा 1200 मिमीचे दोन लावावेत, म्हणजे दोन्ही टोकांना बसलेल्यांना हवा लागते आणि एकटंच कोणी असेल तर एक बंद ठेवता येतो.

पलंग कुठे आहे याचा विचार तर कोणीच करत नाही. छतातला हूक खोलीच्या मधोमध असतो आणि पलंग भिंतीला लावलेला. पंख्याचा झोत पात्यांच्या घेराखाली सरळ उतरतो, जमिनीवर आपटतो आणि मग पसरतो. त्या घेराबाहेर झोपलेल्या माणसाला उरलीसुरली हवा लागते. अगदी मोटरीच्या खालीही झोत कमजोर असतो. सर्वांत जोर असतो तो पात्याच्या मधल्या भागापासून बाहेरच्या बाजूला. याची परीक्षा घरी करता येते. काडीच्या टोकाला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवायची, पलंगाच्या उंचीवर धरायची आणि हळूहळू सरकवत न्यायची. मोटरीखाली पट्टी नुसती थरथरते, हातभर बाजूला नेली की खाली दाबली जाते, आणि घेराबाहेर गेली की पुन्हा मरगळते. जिथे पट्टी दाबली जाते तिथे छाती यावी असा पलंग लावा. पलंग हलवता येत नसेल आणि घराचं काम चालू असेल तर हूकच पलंगाच्या वर येईल असा घ्या. त्या वेळी एक हूक हलवणं सोपं असतं, नंतर स्लॅब फोडावा लागतो.

दिवे पात्यांच्या वर आले तर भिंतीवर सावल्या फिरत राहतात, डोकं दुखतं. दिवे घेराच्या बाहेर किंवा पात्यांच्या पातळीखाली ठेवावेत. पात्याच्या टोकापासून भिंत आणि कपाट निदान अर्धा मीटर दूर असावं.

मोटरीबद्दल. जुन्या धर्तीच्या पंख्यात इंडक्शन मोटर असते, जुन्या पंख्यांत ती पूर्ण वेगात 70 ते 80 वॅट खाते. बीएलडीसी पंख्यात फिरत्या भागावर चुंबक असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यांना चालवतो. असा पंखा बहुधा 28 ते 35 वॅटमध्ये तेवढंच काम करतो. पंचेचाळीस वॅटचा फरक धरला आणि पंखा दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला सोळा युनिट एका पंख्यामागे वाचतात. व्होल्टेज पडलं तरी त्याचा वेग फारसा घटत नाही, इन्व्हर्टरवर तो जास्त वेळ चालतो. जिथे पंखा रात्रंदिवस लागतो तिथे बीएलडीसीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याने माझं वाइंडिंगचं काम कमी होणार हे माहीत असून मी ते सांगते आहे.

पण बोर्डाचं काय, हे आधी विचारा. विजेचा दाब अचानक वाढला, आत ओल गेली, की बोर्ड जातो. इंडक्शन पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे मोटरीला जोडलेली छोटी डबी, कोणीही बदलून देतो. बीएलडीसीचा बोर्ड त्या-त्या मॉडेलचाच लागतो. मॉडेल बंद झालं की चांगली मोटर, चांगली पाती असलेला पंखा भंगारात जातो. माझ्याकडे असे पंखे येतात आणि मला परत पाठवावे लागतात, याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हमी नुसत्या मोटरीची आहे की बोर्डाचीही, आणि हमीनंतर बोर्ड सुटा मिळतो का, हे लेखी घ्या. जुन्या रेग्युलेटरवर बीएलडीसी पंखा लावू नका. रेग्युलेटर काढून सरळ स्विचवर जोडून घ्या.

साधाच पंखा घ्यायचा असेल तर वाइंडिंग शंभर टक्के तांब्याचं आहे असं खोक्यावर लिहिलेलं पाहा. स्वस्त पंख्यात ॲल्युमिनियमची तार भरलेली असते. वरून वार्निशचा रंग तांब्यासारखाच दिसतो. ब्लेडने खरवडलं की तार आतून पांढरी निघते. त्याच जाडीच्या तारेत ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे मोटर तापते आणि वार्निश जळल्याचा वास सुटेपर्यंत घरात कोणाला पत्ता नसतो. आणि भिंतीवर जुना, मोठ्या डब्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तोही बदला. पंखा हळू केला तरी असा रेग्युलेटर वाचलेली वीज उष्णता करून उधळतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं करत नाही.

पंखा हळू झाला की ‘वाइंडिंग गेलं’ असं सांगून पैसे काढणारे असतात. वाइंडिंग गेलेला पंखा बहुधा तापतो, वास मारतो, फ्यूज उडवतो. नुसता मंदावलेला पंखा आधी कंडेन्सर बदलून पाहावा, आणि पाती पुसावीत. पात्याच्या पुढच्या कडेवर तेलकट धुळीची जाड रेघ जमते. ती असेल तर नवा पंखासुद्धा हवा देणार नाही.

समुद्राजवळ आणि सतत दमट हवेत लोखंडी पाती गंजतात, बेअरिंगमधलं ग्रीस निकामी होऊन खरखर सुरू होते. तिथे ॲल्युमिनियमची किंवा चांगल्या प्लास्टिकची पाती, पावडर कोटिंग आणि दोन्ही बाजूंना बॉलबेअरिंग असलेला पंखा घ्यावा. लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळीची सजावटी पाती ओल पिऊन वाकतात आणि पंखा डुलू लागतो. व्हरांड्यात लावायचा असेल तर ओलसर जागेसाठी बनवलेलाच हवा.

एका गोष्टीत मात्र कोणीही काटकसर करू नये. पंखा पाच-सहा किलोंचा असतो आणि तो झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर फिरतो. हुकावर बसतो तो रबरी बुश तडकतो, बोल्टमधली स्प्लिट पिन गंजते, आणि काही वेळा बसवणारा ती पिन घालायलाच विसरतो. पंखा बसवून झाल्यावर वरची वाटी लावण्याआधी स्टुलावर चढून स्वतः पाहा: बोल्टच्या भोकातून पिन गेली आहे का, तिची दोन्ही टोकं उलट बाजूंना वाकवली आहेत का, सुरक्षेची तार हुकाला वेगळी अडकवली आहे का. खालच्या बाजूलाही, मोटरीशी रॉड जिथे जोडतो तिथे, तेच पाहायचं. घासून पातळ झालेल्या हुकावर नवा पंखा कधीही टांगू नका. पाती एका पंख्याची दुसऱ्याला लावू नयेत; तिन्ही वजनाने जुळवलेली असतात आणि एक बदललं की सगळ्या जोडांवर रात्रभर हिसके बसतात.

उत्पादकांना माझी विनंती आहे की हवेचा आकडा आणि वॅट हे दोन्ही खोक्याच्या दर्शनी बाजूला सारख्याच मोठ्या अक्षरांत छापावेत, आणि बंद केलेल्या मॉडेलचे बोर्ड निदान हमीच्या दुप्पट काळ उपलब्ध ठेवावेत. आपल्या वर्तमानपत्राला विनंती आहे की पंख्याची जाहिरात स्वीकारताना पात्यांचा घेर, हवा आणि वॅट हे तीन आकडे त्यात असावेत असा आग्रह जाहिरातदारांकडे धरावा.

आपली,
पंखे दुरुस्ती आणि वाइंडिंगचं काम करणारी एक वाचक