पाच न्यूटन-मीटर

पुणे,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शेवटच्या पत्राला सात महिने होऊन गेले आणि त्या सात महिन्यांत तुमचे अण्णा गेल्यावर पाठवलेल्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिले नाही. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे, पण ते आधी लिहायला घेतले तर बाकीचे पत्र होणार नाही. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, मृणालची शाळा चालू आहे आणि माझ्या साखरेचा आकडा डॉक्टरांना पसंत नाही. प्रकृतीबद्दल एवढे पुरे.

लिहिण्याचे कारण निनादच्या सायकलचे हँडल आहे. हसू नकोस. गेले आठ दिवस मी हा विषय डोक्यात घेऊन झोपतो आणि घरात कोणाशी बोलू शकत नाही, कारण मृणालला त्यात पैसे दिसतात, आईला पितृपक्ष दिसतो आणि निनादला अजून काही माहीतच नाही.

दहावीनंतर त्याला माउंटन बाइकचे वेड लागले, हे तुला ठाऊक आहे. आठवड्यातून चार दिवस तो पहाटे वेताळ टेकडीवर असतो. तिथले दगड तसेच आहेत, सुट्या मुरमावरून घसरायचे आणि पुढच्याच क्षणी काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवर आदळायचे. तासाभराने बोटांना मुंग्या येतात, अशी त्याची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियमचे हँडल काढून कार्बनचे बसवावे, असा प्रस्ताव त्याने जूनमध्ये मांडला आणि तो इतक्या तयारीने मांडला की मला तू आठवलास. हल्ली पस्तीस मिलिमीटर जाडीची हँडले निघाली आहेत, ती जास्त ताठ असतात आणि म्हणूनच धक्के हातापर्यंत पोचवतात अशी अनेकांची तक्रार आहे. तेव्हा आपण ३१.८ चेच घ्यायचे, हँडल धरून ठेवणाऱ्या आपल्या स्टेमला तेच बसते, रुंदी ८०० मिलिमीटर घ्यायची आणि खांद्याच्या मापाने ७६० वर कापायची, असे सगळे त्याने वहीत लिहून आणले होते. आपल्या रेंजरचे हँडल साठ सेंटिमीटरही नव्हते आणि आपण त्यालाच रुंद म्हणत होतो.

किंमत साडेअकरा हजार. त्यांतले पाच हजार निनादचे स्वतःचे, म्हणजे दहावीच्या निकालावर आजीने आणि दोन्ही मावश्यांनी दिलेले. जुने हँडल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३४२ ग्रॅम भरले आणि नवे कापल्यावर २१८. वाचलेल्या प्रत्येक ग्रॅममागे त्र्याण्णव रुपये पडले. मृणाल म्हणाली की वस्तूच्या वजनाला चांदीचा भाव देतात हे तिला माहीत होते, वजन नसण्याला तो भाव मोजणारे लोक तिने आपल्याच घरात पाहिले. पार्सल विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आले आणि आईने तेवढ्यात सांगून टाकले की पंधरवडा संपेपर्यंत नवी वस्तू लावू नका. तिचे ऐकले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते, पण हे तिला कळू द्यायचे नाही.

कापण्याचे काम निनादने केले आणि ते तू पाहायला हवे होतेस. गॅलरीत ओले फडके अंथरले, नाकातोंडावर मास्क चढवला, हँडलला कागदी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर रेघ मारली आणि इंचाला बत्तीस दाते असलेले बारीक पाते लावून करवत चालवली. ओढताना जोर द्यायचा नाही, नाहीतर शेवटचे धागे उसवतात, असे तो मलाच सांगत होता. काजळासारखी काळी पूड पाण्यात मिसळून फरशीवरून वाहत होती. दोन्ही टोके त्याने पॉलिश पेपरने गोल घासली आणि कापलेल्या दोन चकत्या आजीला दाखवायला नेल्या. तिने त्या बांगड्या म्हणून हातात घालून पाहिल्या, अर्थात बोटांपलीकडे गेल्या नाहीत. मापे त्याने तीनदा घेतली होती. हा माझा मुलगा आहे, यावर माझा क्षणभर विश्वास बसला नाही.

मग तो क्लासला गेला. जाताना बजावून गेला की स्टेमच्या चार स्क्रूंना हात लावू नका, संध्याकाळी मित्राकडून टॉर्क रेंच, म्हणजे नेमक्या जोराने आवळायचा पाना, आणतो, तोपर्यंत हवे तर कार्बनची पेस्ट लावून ठेवा.

पेस्ट मी लावली. तिच्यात बारीक कणी असते, तिच्यामुळे पकड वाढते आणि स्क्रू कमी आवळले तरी चालतात. तुझ्या धंद्यातल्या गोष्टी तुलाच सांगतो आहे, पण मी त्या आधी वाचल्या होत्या हे तुला कळावे म्हणून सांगतो. वाचूनही मी ते केले. हँडल स्टेममध्ये बसवले, वरखालची फट सारखी ठेवली, चार मिलिमीटरची ॲलन की घेतली आणि तिरप्या क्रमाने स्क्रू आवळत गेलो, कारण मला वेळ होता आणि चाळीस वर्षे सायकली उघडणाऱ्या माणसाच्या हाताला अंदाज असतो अशी माझी समजूत होती. यावर तू काय म्हणशील ते मला ऐकू येते आहे. वसतिगृहातला तो हीटर माझ्यामुळे गेला नव्हता, व्होल्टेजमुळे गेला होता, हे मी आजही म्हणतो.

चौथ्या स्क्रूला शेवटचा पाव वेढा देताना आवाज आला. मोठा नाही. कोरडी शेंग नखाने फोडावी, तेवढा.

मी सगळे सैल केले आणि हँडल उन्हात नेले. मधल्या खुणेच्या डावीकडे, स्टेमची कड जिथे टेकते त्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढी रेघ आहे. नख फिरवले तर अडत नाही. भिंग लावून पाहिले तर ती वरच्या लॅकरमध्ये आहे असेही वाटते आणि लॅकरच्या खाली उतरली आहे असेही वाटते, आणि रात्री दिव्याखाली ती दिसतच नाही. रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहिले, कारण आतले थर सुटले असतील तर आवाज बद्द येतो असे म्हणतात. आवाज बद्द आला. मग उजव्या बाजूला तेवढ्याच अंतरावर ठोकले, तर तिथेही तसाच आला, कारण मध्यभागी कार्बन मुळातच जाड असतो. रविवारचा अर्धा दिवस मी खोलीचे दार लावून एका नळीवर नाणे वाजवत बसलो होतो. आईने बाहेरून विचारले की कसली पूजा चालली आहे.

स्टेमवर इतक्या बारीक पांढऱ्या अक्षरांत कमाल पाच न्यूटन-मीटर असे छापले आहे की चष्म्याशिवाय ते दिसत नाही. पाच न्यूटन-मीटर म्हणजे ॲलन कीच्या दहा सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला साधारण पाच किलोचे वजन टांगावे, एवढा जोर. मग माझ्या हाताचा बेताचा जोर किती, हे पाहायचे ठरवले. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा कीच्या टोकाला अडकवला, जुन्या स्टेमचा स्क्रू घेतला आणि हात नेहमीसारखा चालवून काट्याकडे पाहिले. अकरा किलो. पुन्हा ओढले, साडेअकरा. ज्याला मी आजवर हलका हात समजत होतो, तो दुपटीहून जड निघाला.

दोन दुकानांत दाखवून आलो. पहिल्याने अंगठा फिरवून सांगितले की नुसता रंगाचा ओरखडा आहे, बिनधास्त चालवा. दुसरा म्हणाला की शंका आली ना, मग कापून कचऱ्यात टाका. दोघांनी मिळून चार मिनिटेही घेतली नाहीत. ॲल्युमिनियम असते तर मी एवढा घाबरलो नसतो. थकून तेही तुटते, आणि पडल्यावर तेही बदला म्हणतातच, पण बहुतेकदा आधी वाकते आणि वाकलेले डोळ्यांना दिसते. हे वाकत नाही. एका सकाळी खाणीकडच्या उतारावर सगळे वजन पुढे असताना डावा हात एकदम रिकामा होईल, हेच चित्र माझ्यासमोर येते आणि त्या चित्रातला मुलगा सोळा वर्षांचा आहे.

निनादला मी काय सांगितले? नवे हँडल रुंद असल्यामुळे मागच्या ब्रेकची नळी अपुरी पडते, लांब नळी मागवली आहे, ती येईपर्यंत जुन्यावरच चालव. खोटेसुद्धा मी असे शोधले की तांत्रिक दृष्ट्या ते खरे असू शकले असते. त्याने नळी मोजून पाहिली नाही, कारण वडिलांनी मोजली होती.

इथवर वाचून तुला वाटले असेल की हे सगळे फोनवर सांगता आले असते. पुढचे सांगता आले नसते.

सिंहगड, १९९६. पायथ्याला गोळेवाडीत तू माझ्या रेंजरचे हँडल आवळून दिलेस आणि म्हणालास, की आता हत्ती बसला तरी हलणार नाही. उतरताना वरून तिसऱ्या वळणावर मी हँडल वळवले, ते वळले आणि चाक सरळ गेले. कॉलरबोन, सहा आठवडे झोळीत हात, आणि मग पंचवीस-तीस वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, शऱ्याच्या त्या पन्नाशीलासुद्धा, सुध्याच्या हत्तीची गोष्ट. तू सुरुवातीला दोन-तीनदा म्हणालास की मी आवळलेले असे सुटणार नाही, यानेच वर काहीतरी केले असेल. नंतर म्हणायचे सोडून दिलेस.

मी केले होते. तू पिठले-भाकरीच्या रांगेत होतास. चढताना माझी पाठ भरून आली होती, म्हणून तुझ्या पिशवीतला पाना काढला, हँडल सैल करून दोन इंच वर घेतले, दांडा जिच्यावर काढायचा नसतो त्या आतल्या खुणेच्याही वर, आणि अंदाजाने आवळले. तू ताक घेऊन आलास तेव्हा पाना परत पिशवीत होता. त्या वेळी कमी आवळले आणि या वेळी जास्त, एवढीच काय ती अठ्ठावीस वर्षांत या हाताची प्रगती.

मी पडल्यावर लगेच सांगितले असते तर ती हसण्यावारी जाणारी गोष्ट होती. पण अण्णा चेतक घेऊन आले, मला मागे बसवून दवाखान्यात नेले आणि तिथल्या व्हरांड्यात त्यांनी तुला विचारले. तू म्हणालास की मी नीट आवळले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मी हात लावला नाही. त्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली, परक्या माणसांसमोर, तू एकोणीस वर्षांचा असताना. पुढे कितीदा तुमच्याकडे जेवलो, अण्णांनी स्वतः वाढले, आणि दर वेळी मला वाटायचे की आज सांगू. मार्चमध्ये तुझा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो आणि मला पहिले हेच आठवले. म्हणून दोनच ओळी लिहिल्या गेल्या. जास्त लिहिले असते तर हे लिहावे लागले असते.

माझे काम असे आहे. हँडल उद्या कुरिअरने तुझ्या पत्त्यावर पाठवतो. लागणारा खर्च मी देईन, आणि ब्याण्णव सालचे तुझे दीडशे रुपये त्यात धरायचे नाहीत. रेघ मधल्या खुणेपासून डावीकडे सव्वीस मिलिमीटरवर आहे, भोवती पांढऱ्या खडूने गोल केला आहे. ध्वनिलहरींनी तपासता आले तर आधी तसे तपास, नाहीतर तुमच्या यंत्रात धरून मोड आणि डावी-उजवी बाजू सारख्याच वजनाला तुटते का ते पाहा. ते चांगले निघाले तरी मी ते त्याच्या हाताखाली देणार नाही, हे ठरले आहे. मग मोडायचे कशाला, असे विचारशील. त्याच्या पाच हजारांचे माझ्या हाताने नेमके काय केले, हे त्याला अंदाजाने सांगायचे नाही म्हणून. निकाल मला कळवू नकोस, त्याला फोन कर. तो तुला सुधीरकाका म्हणतो आणि हत्तीची गोष्ट त्याला पाठ आहे, तिचा उरलेला भागही तू त्याला सांगितलास तर मी अडवणार नाही.

वहिनींची जळगावची बदली रद्द झाली का? सईने शेवटी कोणती शाखा घेतली? घराचे गळणे या पावसात थांबले असेल अशी आशा करतो. काकूंना एकटे वाटत असेल, दिवाळीआधी मी नाशिकला येऊन भेटेन, त्यांनाही मला एक गोष्ट सांगायची आहे. सगळ्याचे सविस्तर लिही.

आता साडेसात झाले आहेत. निनाद आठला येतो. नळी तोकडी पडत नाही, हे त्याला आज सांगायचे आहे. हँडल, ॲलन की आणि बॅगा तोलायचा काटा मी जेवणाच्या टेबलावर काढून ठेवला आहे, म्हणजे बोलायला लागल्यावर मला दुसरीकडे वळता येणार नाही. मृणालने ताटे मांडायला आणली होती, ती पाहून परत घेऊन गेली.

तुझा,
विनू